बेल्ट क्रमांक चार, रबाळे

समजा, मला विचारलंच कुणी,
तर आधी स्टूल म्हणेन.
दोन बोटं बुटकं. पाय टेकतील असं.

मग खिडकी, पारसिकच्या डोंगराकडची.
इंजेक्शनच्या कुप्या दिव्यासमोर धरायच्या,
आधी काळ्या फळीपुढे, मग पांढऱ्या,
आत काही तरंगतंय का बघायचं,
मिनिटाला चाळीस.
मी म्हणेन तीस. उरलेल्या दहांचा वेळ
डोळ्यांना डोंगर.

टेकाळे सुपरवायझर हसतील. हसू देत.
कुंदा म्हणते, आधी पगार माग गो.
तोही मागेन. पण ते गणित
सगळ्यांनाच येतं.

मला हवी एक चिठ्ठी, वर्षातून एकदाच:
तुम्ही पास केलेली कुपी
अमक्या गावी अमक्या पोराला टोचली,
पोर खूप रडलं, पहाटे ताप उतरला.
बस्स.

आणि ज्या मी बाजूला काढल्या
त्यांची चिठ्ठी कुठून येणार?
त्या कुणाला टोचल्याच नाहीत.
माझं काम तर तेच होतं.

परवा एका कुपीत कण दिसला.
फिरवली, पुन्हा फिरवली,
माझ्याच चष्म्यावरचा निघाला.
पास केली.
चष्मा मात्र
भोंगा होईस्तोवर पुसत राहिले.