कोपर

मालनक्का सांबरेकरनं पगारी पहिला फोटो काढला
शहापूरच्या शाळेत, पांढऱ्या चादरीपुढं,
मतदार ओळखपत्रासाठी.
दिवसाला दोनशे माणसं. मान सरळ. हसू नका. नगबेडि.
चादर मी धरायचो.
कितीतरी कार्डांच्या कडेला माझी बोटं अजून असतील,
बिननावाची.

एका दुपारी परसम्मा आली, सौंदत्तीच्या डोंगरावरनं परतताना.
डोईवरचा जग उतरवून मांडीवर घेतला.
कारकुनानं विचारलं, काय लिहू, पुरुष का बाई?
आईला विचारते, ती म्हणाली,
आणि जगाकडं मान वळवून खरंच विचारलं.
उत्तर आम्हाला ऐकू आलं नाही.
अक्काचं बोट तेवढ्यात पडलं होतं.
मान वळलेली, म्हणून कार्डाला तो फोटो चालला नाही.
अक्कानं तो पिशवीत टाकला.
पुढच्या महिन्यात चादरीचं काम सोडलं.

मग वडगावचे माग, खड्ड्यात पाय सोडून बसलेली घरं.
मग खानापूरच्या रानातले गवळी,
ज्यांची म्हैस सरकारी कागदावर होती, ते नव्हते.
पैसे? पैसे लग्नांच्या सीझनमध्ये.
मी फिक्सर कालवायचो, चहा आणायचो,
कधी उलटंसुद्धा झालंय.

आणि ती शिडी.
दस्तगीर पेंटर, स्वतःच रंगवलेली पाटी
स्वतःच डांबरानं पुसताना.
मजुरी दोन्ही वेळेला तीच.
वरची लिपी त्याच्या हातची, खालचीही,
घरची पत्रं तिसरीत.
डांबर मनगटावरनं खाली ओघळत होतं.
कोल्हापूरच्या पेपरनं पुसलेली अक्षरं छापली,
हुबळीच्या पेपरनं राहिलेली.
शिडी दोघांनीही कापली.
त्या रात्री अक्का म्हणाली,
"आता निगेटिव्हची काळी किनार सोडूनच प्रिंट काढायची.
किनारीसकट छापा म्हणावं,
नाहीतर राहू दे की."

तीस वर्षं ती किनार कुणी मोडली नाही.
निपाणीचा संप किनारीसकट दिल्लीत लागला, भिंतभर.
वखारीचं दार, उन्हात तरंगणारी तंबाखू,
नव्वद बायका.
लोक म्हणे समोर उभं राहून खोकायचे.

गेल्या आषाढात भागव्वा घस्ते एसटीनं आली,
प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन.
पेन्शन पाहिजे, रजिस्टरात नाव नाही.
अंगठा मशीन घेत नाही,
पानं वळून वळून रेषा गेल्यात.
"पण तुमच्या फोटोत हाय की मी."

भिंग लावलं. नव्वद चेहरे. ती कुठंच नाही.
तिनंच शोधलं शेवटी: तिसरी रांग,
कुणाच्यातरी पदराआडून आलेलं एक कोपर,
त्यावर गोंदलेला विंचू.
बाही वर केली तिनं.
कातडी सैल झालेली,
नांगी तशीच.

अक्का बराच वेळ काही बोलली नाही.
मग मला म्हणाली, कात्री आण.
मी मुद्दाम उशीर केला.
किनार तिनंच कापली, मग दार, मग ऊन,
मग एकेक करून एकोणनव्वद बायका.
हातात उरलं पासपोर्ट साइझ कोपर.

चिकोडीच्या कचेरीत साहेब म्हणाले,
यात तोंड कुठाय?
"तोंड हे काय, समोर बसलंय की."
कोण सांगतंय?
"मी. मी होते तिथं."
तुमचं कार्ड द्या बघू.

अक्कानं दिलं.
कुणी चादर न धरता मशीननं काढलेला फोटो,
डोळे अर्धे मिटलेले,
आडनाव एका ओळीत सांब्रेकर, दुसऱ्या ओळीत संबरकर.
साहेबांनी कार्ड बघितलं, अक्काला बघितलं,
परत कार्ड बघितलं.
"ह्या तुम्हीच काय?"

भागव्वा फिस्सकन हसली.
माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं,
हसू नका, नगबेडि.
ती जास्तच हसायली.