नाजालादेवीची बस

चार दिवसांची रजा, त्यातला एक विमानांतच गेला.
तिबिलिसीत ज्यांच्या घरी उतरले त्या एतेरीबाईंनी
चिटोऱ्यावर बसचे आकडे लिहून दिले
आणि थांब्यांची नावं, त्यांच्या लिपीत.
सगळी अक्षरं गोल, वेटोळं करून निजलेली.
आकडे तेवढे वाचता येत होते.
आंधळ्यानं काठी धरावी तसे ते धरून
मी शहरात शिरले.

पहिल्या दिवशी उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले.
शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं,
सूर्यफुलाच्या बिया सोलत माझ्याकडे पाहिलं.
समोर टायरचं दुकान,
आणि कानाला पिवळा बिल्ला लावलेला एक सरकारमान्य कुत्रा.
वीस मिनिटं आम्ही तिघंही काही बोललो नाही.
मग तीच बस, तोच ड्रायव्हर, तीच मी,
आल्या वाटेनं परत.

दुसऱ्या दिवशी जरा जमलं.
कार्ड टेकवलं की टुंग वाजतं.
खिडकीत चर्च आलं की अर्धी बस छातीवर क्रूस काढते,
तीन-तीनदा, हातातली पिशवी न सोडता.
एक मुलगी तर फोनवर भांडता भांडता,
भांडणात स्वल्पविरामही न पडू देता.
आमच्याकडे स्कूटरवरून देवळासमोर करतात ना,
एका हातानं, तसंच.

चिटोऱ्यावरचं एक नाव एतेरीबाईंनी वाचून दाखवलं
ते फार आवडलं: नाजालादेवी.
ज जाळीतला, जयमधला नव्हे.
देवी कुठली? कुठलीच नाही, वस्ती आहे नुसती.
नातू तोर्नीके मध्ये बसून इंग्रजी करत होता:
आजी म्हणते, तिथे तिची नणंद राहते,
तुम्हाला तिथे जायचं काही कारण नाही.

तिसऱ्या दिवशी, उन्हं उतरताना,
थांब्यावर एक म्हातारा स्वतःच्या खुर्चीवर बसला होता.
लाकडी खुर्ची, बैठक नव्यानं विणून आणलेली,
शेजारी थांब्याचा बाक रिकामा.
बस आली. तो उठला, खुर्ची काखेत मारली
आणि एवढ्या माणसांत मलाच विचारलं:
काहीतरी, काहीतरी, नाजालादेवी?

ओळखीचा शब्द कानावर पडला
आणि तोंडातून निघून गेलं,
हो.

आता मला काय ठाऊक,
त्यांच्यातही हो म्हणजे होच!
न समजलेल्या प्रत्येक गोष्टीला मी हेच म्हणत आले,
साहेबांना, दातांच्या डॉक्टरांना,
बघण्याच्या कार्यक्रमात एकदा.
पण त्यावर इतका विश्वास
आजवर कुणीच ठेवला नव्हता.
आधी खुर्चीचे चार पाय चढले, मग त्याचे दोन.
आतून त्यानं हात हलवला.
दार मिटलं, बस नदीकडे वळली,
तेव्हा मी चिटोरं उघडलं.
नाजालादेवीचा आकडा वेगळा. थांबाही रस्त्याच्या पलीकडचा.

धावले म्हणाले तर खोटं होईल.
दोन पावलं टाकली.

एतेरीबाई इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला.
जन्म इथं गेलेला माणूस, तो तुला कशाला विचारेल?
तोर्नीकेनं भाषांतर केलं
आणि पदरचं एक वाक्य जोडलं:
तिकडून परतीच्या बस रात्री कमीच असतात.

चौथ्या पहाटे टॅक्सीतून विमानतळाकडे जाताना
प्रत्येक थांबा बघत होते.
रिकामा. रिकामा. एकावर कुत्रा.
बसायला त्याच्याजवळ खुर्ची तरी होती,
असं मनाला सांगत होते,
इतक्यात टॅक्सीवाल्यानं आरशातून काहीतरी विचारलं.

मी ओठ मिटून घेतले.
त्यानं पुन्हा विचारलं.