हाड

उदगीरच्या स्टँडसमोर आमचं हॉटेल.
पाटीवरचं नाव पुसलंय, लोक म्हणतात गुंडप्पाचं हॉटेल.
गुंडप्पा म्हणजे वडील. जाऊन अकरा वर्षं झाली.
गल्ल्यावर मी.

सकाळी साडेआठ. कढईत भजी,
सुशीलाचं पातेलं नुकतंच उतरलेलं,
आणि दारात काळं कुत्रं.
मी नोटा मोजत होतो. मान वर न करता म्हणालो,
हाड.

दिवसातून वीसदा म्हणतो तो शब्द.
स्टँडवरची सगळी कुत्री त्याला ओळखतात,
शेपूट घालून नालीपल्याड जातात.
हे हललं नाही.
पुन्हा म्हणालो, मोठ्यानं,
गल्ल्यावर चमचा आपटून.

तेव्हा बाईचा आवाज आला,
"त्याला तो शब्द येत नाही.
मला येतो."

वर बघितलं.
कुत्र्याच्या पाठीवर चामड्याचा पट्टा, पट्ट्याला कडक मूठ,
मुठीवर एक हात.
माझा शब्द कुत्र्याच्या पाठीवरून चालत
त्या मुठीतून वर
तिच्या खांद्यापर्यंत गेला होता.

एकच पायरी आहे आमची.
कुत्रं थांबलं, मग ती थांबली,
मग दोघं उतरून रिक्षांच्या गर्दीत.

"बरं केलंस," कोनाळे सर बशी फुंकत म्हणाले,
"हॉटेल बाटलं असतं."

बाटलं.

बाहेरच्या भिंतीत एक खिळा आहे.
आजोबांच्या काळी त्याला एक कप टांगलेला असायचा, कान फुटका.
ज्याला आत घेत नसत
त्यानं तो काढायचा, उभ्यानं प्यायचा,
विसळून परत टांगायचा.
कप मी पाहिला नाही. खिळा पाहिलाय.
दर दिवाळीला त्याच्यावरून चुना फिरवतो,
उपटायचं राहून जातं.
तेव्हाही दाराबाहेर माणूसच उभं होतं.

ग्रामीण बँकेत बदलून आलेल्या हत्तरगे मॅडम त्या,
कर्जाच्या टेबलावर.
पासबुकाचं निमित्त काढून गेलो.
टेबलाखाली तो झोपलेला. नाव तीळ.
मी नुसताच उभा, घसा खाकरला,
तेवढ्यावरनं ओळखलं तिनं.
"गल्ल्यावरचे ना?"
"हाव."
"पासबुक भरायचंय?"
"नाही. चहाला या."
जरा वेळ गेला. प्रिंटर कुरकुरत होता.
"दोघं?"
"दोघं."

गुरुवारी आली.
कढईपासून लांबचा, भिंतीकडचा टेबल पुसून ठेवला होता.
तीळ खाली शिरला, पाय दुमडून बसला,
जागा घेतली ती एका पिशवीएवढी.
पोऱ्या भजं घेऊन वाकला तर ती म्हणाली,
"ड्युटीवर आहे तो. खायला नको, हात नको."
कढईमागनं मस्तानभाई,
"आम्ही बी ड्युटीवरच हाव,
आमाला कोन इचारतंय?"

पोराचा कॅफे आहे नळेगाव रोडला. काचेचं दार, थंडगार.
टेबलावर काळा चौकोन चिकटवलाय,
फोन धरला की मेनू दिसतो म्हणे.
ज्याला दिसतो त्याला.
आमच्याकडं कार्ड कधी नव्हतंच.
तीन पिढ्या आम्ही तोंडानंच सांगत आलोय.
मग मीच उठलो, एका दमात,
सुशीला भजी पोहे उप्पीट खारा चहा पेशल चहा!
तिनं कानावर हात ठेवले.
"मला दिसत नाही हो. ऐकू चांगलं येतं."

हसली तेव्हा अख्खं हॉटेल हसलं,
कोनाळे सर सोडून.
ते दोन दिवस आले नाहीत.
तिसऱ्या दिवशी आले, दाराजवळ बसले,
अजून पाय वर घेऊनच चहा पितात.

"पाणी उजव्या हाताला, चहा समोर, कान तुमच्याकडं,"
असं सांगायला पोऱ्या शिकलाय.
मी अजून शिकतोय.
काल स्टँडवरचं तांबडं कुत्रं पायरीशी आलं,
जीभ टाळूला लागलीच होती
तेवढ्यात टेबलाखाली तीळनं एक कान उचलला.
मी म्हणालो, "चल बाबा, पुढं हो जरा."
एवढं लांब वाक्य त्याच्याशी कुणी बोललं नसावं.
ते तिथंच बसलं.