विरी

मच्छे गावात, खानापूर रोडच्या कडेला माझी गिरणी.
तिचे दगड नवऱ्याच्या दोन बोटांचे.
म्हणजे बोटं गेली उद्यमबागेत, फौंड्रीत,
कंपनीनं जे मोजून दिलं त्यात दगड आले, मोटार आली,
पट्टा उधारीवर.

तेव्हा संपाबद्दल मला कुणी विचारायची गरज नव्हती.
तरी गुंडू धामणेकर आला, टोपी हातात घेऊन,
जसा काही सोयरिकीचं बोलायला आलाय.
म्हणाला, वैनी, त्रेचाळीस माणसं गेटाबाहेर आहेत.
म्हटलं, मला मोजता येतं.
तुझ्या मागं दळणाचा नंबर आहे, बाजूला हो.

संध्याकाळी तेलाचा रिकामा पिंप घासून धुतला,
वजनकाट्याशेजारी ठेवला. वर काही लिहिलं नाही.
बायका आपापल्या डब्यातून मूठ काढायच्या, सोडायच्या,
बोलणं मधे न तोडता:
सुनेचं, नळाच्या पाण्याचं, कुणाच्या अडलेल्या म्हशीचं.
यळ्ळूरच्या बासमतीची पिठी, नाचणा, जोंधळा,
दस्तगीरच्या घरचा गहू.
मूठ सगळ्यात मोठी निंगव्वाची.

मंडपावरचा फलक दोन दिवस कोराच होता.
वर मराठी की वर कन्नड, ह्यावरून
उपाशी माणसं तावातावानं भांडली.
आकडासुद्धा जमेना, तोही दोघांचा वेगळा.
शेवटी भरमाणीनं खडूनं रेघा ओढल्या,
पाचाच्या आठ जुड्या, तीन सुट्या.
घ्या म्हणाला, वाचू दे कुठल्या सरकारला वाचायचं ते.

तिसऱ्या दिवशी मंडपातून निरोप:
भाकरी थापता येईना. काठ फुटूलेत,
तव्यावर टाकली की मोडूलीय.
कशी जमेल? सत्तावीस घरांचं पीठ,
कुणाचं आजचं, कुणाचं महिन्यापूर्वीचं,
विरी गेलेलं.
निंगव्वा उठून स्वतः गेली.
आधणाचं पाणी ओतून उकड काढली,
तळहाताच्या बुडानं रगडत राहिली,
बांगड्या दंडापर्यंत सारून,
इन्नष्टु नीरु, इन्नष्टु नीरु म्हणत.
पाणी घालणाऱ्या पोरीला कन्नड येत नव्हतं.
घालत होती.

सतराव्या दिवशी टेम्पो आला. चार पोती गहू,
कंपनीच्या मेसचा.
आत आणलेली पोरं आतच झोपतात, आतच जेवतात,
कुठल्या मुलखातली कुणास ठाऊक.
पोती उतरवायला त्यातलाच एक,
नुकतं मिसरूड फुटलेला,
अंगठ्याला चिंधी, चिंधीला भाजल्याचा वास.
तो वास मी घरात चार महिने धुतलाय.
नंबरातल्या बायका गप्प झाल्या.
पट्टा तेवढा फडफडत राहिला.

दळलं.
पैसे पुरते घेतले, किलोमागं रुपया जास्तच.
शेवंता डबा उचलून निघून गेली, अजून येत नाही.

पीठ भरताना पोरानं पिंप बघितला,
हे कुणाचं, खुणेनं विचारलं.
मी गेटाच्या दिशेनं हनुवटी केली.
जरा वेळ उभा राहिला.
मग पोत्याच्या तोंडात दोन्ही हात घातले,
मूठ नव्हे, ओंजळ.
चिंधी पांढरी झाली, ती झटकली नाही त्यानं.

हे मी मंडपात सांगितलेलं नाही.
त्या रात्री म्हणे भाकरी एकही मोडली नाही.
गव्हामुळं असेल.

एक्कावन्नाव्या दिवशी एकोणीस जणांना आत घेतलं.
बाकीच्यांची तारीख पडते, धारवाडला.
गुंडू आता रिक्षा चालवतो, माझं दळण पोचवायचे
पैसे घेत नाही, म्हणून मी त्याला बोलावत नाही.
फलक मंडपवाला घेऊन गेला, भाड्याचाच होता.

पिंप मी उचललेला नाही.
काल झाकण काढलं तर तळाला पोरकिडे,
आणि त्यावर एक मूठ, ताजी,
दगडाची ऊब अजून धरून.
कुणाची, विचारलं नाही.
चाळून ठेवली.