तांबट

व्हॅक्सिन डेपोतला तिसरा रविवार.
"कॅमेरा गळ्यातच असू दे," उचगावकर मॅडम म्हणतात,
"आधी आवाज कुठनं येतोय, बघा की."

टुक, टुक, टुक.
बारा फोटो काढले मी. बाराही फोटोंत
सुकी फांदी एकदम स्पष्ट.

नीलव्वा फोटो काढत नाही.
हिरव्या खडूनं पाठ ओढते, कपाळावर
कुंकवाएवढं लाल टेकवते,
"हक्की," म्हणते. कानडीतलं पाखरू.
मला पहिल्या दिवशी 'हक्क' ऐकू आलं होतं,
आणि बेळगावातल्या जुन्या सवयीनं
मी ताठ होऊन बसलो होतो.

आता तिचाच खडू मागून घेतो.
चोच जरा जाड झाली माझी.
खरं मिशा
जमल्यात.