काळा बर्फ

गळीत हंगाम लागला की बावड्यात
रात्रभर चिमणीची काजळी पडत राहते.
दोरीवर राहिलेल्या पांढऱ्या परकरावर,
धैर्यशीलच्या झाकून ठेवलेल्या बुलेटवर,
आणि गच्चीवरच्या डिशमध्ये,
कुणी ओंजळ पुढं केल्यासारखी.

टीव्हीला तिचं काही होत नाही, मुजावर मेकॅनिक सांगून गेला.
तरी मी सकाळी शिडी लावते,
त्याचं जुनं बनियन ओलं करून पुसते.

परवा फोन आला, लेहच्याही वरून कुठनं तरी.
म्हणाला, आई, डिशवरचा बर्फ झाडायची ड्युटी हल्ली माझ्याकडं.
पहाटे चारला. खराटा नाही चालत, मऊ कुंचा लागतो.
ठोकायचं नाही, पत्रा वाकतो.
गरम पाणी तर अजिबात नाही.
मी विचारलं, हातमोजे घालतोस ना?
तेवढ्यात आवाज तुटला.

फोन तसाच कानाला धरून वर गेले.
आज बोटभर साचली होती.
बनियन खालीच राहिलं.
पदरानंच पुसली, कडेकडेनं,
ठोकलं नाही.

फोनमध्ये अजून काहीतरी खरखरत होतं.
कुंचा असेल.