नाव

विद्यार्थी भवनाच्या दारात टेबल मांडून बसलेला मुलगा
कार्डाच्या अर्जावर पाण्याची बाटली फुकट देत होता.
मी अर्ज भरला, बाटली घेतली.
निळी. आठवड्यात गळायला लागली.

दहा दिवसांनी पत्र: आपण पात्र नाही.
कारण, जुनी थकबाकी.

जुनी?
मी एकोणीस वर्षांची. माझ्याकडे जुनं काय असणार?
काड्यापेटीत आईनं जपलेला एक दात,
आणि बर्फावरचे स्केट्स, ज्यांत आता पाय जात नाही.

ब्रिन वरच्या पलंगावरून म्हणाली, माझा सातशे बेचाळीस आहे.
तेराव्या वर्षी बाबांनी त्यांच्या कार्डावर माझं नाव चढवलं,
मी काहीच केलं नाही गं, तो आपला वाढत गेला, केसांसारखा.
वाईट नाही ती. अहवाल कुठून मागवायचा ते तिनंच दाखवलं,
आणि अर्ध्या नूडल्स दिल्या.

अहवालात एकच ओळ.
वीज कंपनी. लुइस्टन, मेन.
खातेदार: जोसेट एम. थिबडो.
खातं उघडलं तो जानेवारी मी बोटांवर मोजला.
आठ वर्षांची होते.

तो जानेवारी मला आठवतो.
बाबा कॅनडाकडे गेलेले, ते गेलेच.
दोन रात्री मेणबत्त्या. आई म्हणाली, खेळू या,
कोट घालून जेवायचं, आधी कुडकुडेल तो हरला.
तिसऱ्या दिवशी फ्रीज गुरगुरला,
हीटर जळक्या धुळीचा वास सोडत तापला,
आणि आईनं मला उचलून गरागरा फिरवलं.
कुणी आणले गं दिवे?
तूच, ती म्हणाली.
मला वाटलं, लाडानं म्हणते.

पुढची सहा वर्षं तिनं दर महिन्याला बिल भरलं.
त्याची नोंद कुठेच नाही.
लॉन्ड्री बंद पडली त्या हिवाळ्यातले तीन महिने चुकले,
तेवढे मात्र ठळक अक्षरांत:
तीनशे अठरा डॉलर.
ऐपत संपली तेव्हा तिनं घरात शोधलं असेल,
कुणाकडे पत शिल्लक आहे का.

पतपेढीतल्या मिसेस पेल्कींनी कागद उलटा केला, सुलटा केला.
दोन वाटा आहेत, म्हणाल्या.
पोलिसांत लिहून दे, नावाची चोरी झाली. ओळ पुसली जाईल.
चोर कोण, तेही लिहावं लागेल.
नाहीतर भर. भरलेस तरी ओळ काही वर्षं राहीलच,
खोटं कशाला सांगू.

बाहेर बर्फ उपसायचा ट्रॅक्टर मागे येत पिपाणी वाजवत होता.
मी म्हटलं, भरते.

मग त्यांनी तारणावरचं कार्ड दिलं.
दोनशे डॉलर माझे, मीच ठेवलेले, मलाच उसने.
हसू नकोस, त्या म्हणाल्या.
साठच्या पुढे जाऊ नको. तारीख चुकवू नको.
चकचकीत कार्डांची पत्रं येतील, वर्षाची फी वाचल्याशिवाय सही नको.
विमानाचे मैल देतात म्हणून भुलू नको, तुला कुठं जायचंय?

घरी. बसनं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री आई पाठमोरी भांडी घासत होती.
बसमध्ये सगळं पाठ केलं होतं मी.
एक शब्द आला नाही. कार्ड फक्त टेबलावर ठेवलं,
करडं, साधं, अक्षरं उठवलेलं.

तिनं हात पुसले. नावावरून अंगठा फिरवला,
एकेक अक्षर, आंधळ्या माणसासारखा.
चांगलं नाव आहे, म्हणाली.
मीच ठेवलं होतं.

कुठं ठेवलं होतं,
चर्चच्या वहीत की वीज कंपनीकडे,
ते मी विचारलं नाही.
तिनं नळ सोडला. पाणी गरम यायला
तिच्याकडे अजूनही फार वेळ लागतो.